कूलर बंद करा काका: नागपुरात लोकल चॅनलवर इंटर्नशिप कशी करायची

मे महिन्यात नागपुरात कोणाच्याही घरी बाईट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरचं दोन शब्दांचं बोलणं, घ्यायला गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, काका जरा कूलर बंद करता का. काका बंद करतात, दोन मिनिटांत त्यांच्या कपाळावर घाम, चौथ्या मिनिटाला तुमच्या, आणि सहाव्या मिनिटाला आतून काकूंचा आवाज येतो, झालं का हो तुमचं टीव्हीचं. म्हणजे तुमच्याकडे फार तर पाच मिनिटं असतात. हे मला मासकॉमच्या कुठल्याच पेपरात कोणी शिकवलं नाही, इंटर्नशिपच्या तिसऱ्या दिवशी एका कॅमेरामन दादांनी शिकवलं, तेही तोंडाने नाही, नुसतं कूलरकडे बोट दाखवून.

दरवर्षी एप्रिल लागला की ज्युनिअर पोट्टे-पोट्टी मेसेज करतात, ताई कुठे करू इंटर्नशिप, कोणाला भेटू, पैसे भेटतात का. प्रत्येकाला वेगळं सांगून सांगून थकले बाप्पा, म्हणून एकदाच लिहून ठेवते. लांब होईल, चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट. नेटवर कम्युनिटी टीव्ही शोधलं तर बहुतेक अमेरिकेचंच सापडतं. तिकडे १९८४ च्या केबल कायद्यापासून गावाला केबल कंपनीकडून लोकांसाठी, शाळांसाठी आणि नगरपालिकेच्या कामकाजासाठी वेगळे चॅनल मागून घेता येतात, गावातलं कोणीही ट्रेनिंग घेऊन तिथे प्रोग्राम करू शकतं. आपल्याकडे तसला परवानाच नाही. कम्युनिटी रेडिओचा आहे, २००२ पासून शिक्षणसंस्थांना आणि २००६ पासून सामाजिक संस्थांनाही, पण टीव्हीचा नाही. ती जागा आपल्याकडे केबलवाल्यांनी भरली. नागपुरात यूसीएन या केबल नेटवर्कचं नाव माहीत नाही असं घर शोधावं लागेल, आणि शहरातल्या बातम्या, गणपतीचं विसर्जन, नगरसेवकाचं भाषण, शाळेचं गॅदरिंग हे सगळं वर्षानुवर्षं लोकांनी असल्याच लोकल केबलवर पाहिलं. आता त्यात यूट्यूबवरचे मोहल्ला चॅनल, संस्थांचे व्हिडिओ युनिट, मंडळांचं लाइव्ह करून देणारे ग्रुप असं सगळं आलंय. माझ्या हिशेबाने हाच आपला कम्युनिटी टीव्ही, नाव काहीही द्या.

मग जायचं कुठे? माझं मत सरळ आहे आणि ते सगळ्यांना पटत नाही. मुंबईच्या मोठ्या मराठी चॅनलच्या नागपूर ब्युरोत जायची सगळ्यांना हौस असते, इन्स्टाला बूम, म्हणजे चॅनलचा लोगोवाला माईक, हातात धरून फोटो टाकता येतो म्हणून. पण ब्युरो म्हणजे बहुतेक वेळा एक रिपोर्टर, एक कॅमेरामन आणि एक गाडी. शूट झालं की फीड मुंबईला जातो, स्क्रिप्ट तिकडे, एडिट तिकडे, ग्राफिक्स तिकडे, तुम्ही इथे गाडीत बसून पुढच्या फोनची वाट पाहून राहिले. अर्धंच काम दिसतं. त्यापेक्षा लोकल चॅनलवर जा जिथे सकाळी शूट केलेलं संध्याकाळच्या बुलेटिनला त्याच बिल्डिंगमधून जातं, मधल्या सगळ्या खोल्यांमध्ये तुम्हाला डोकावता येतं, आणि माणसं कमी असल्यामुळे चौथ्या दिवशी कोणीतरी म्हणतंच, ए पोरी, जरा हा बाईट काप. सेमिनरी हिल्सचं दूरदर्शन केंद्र आणि सिव्हिल लाइन्सचं आकाशवाणी बघायला मात्र कॉलेजकडून व्हिजिट लावून घ्या, शिस्तीत बनवलेला स्टुडिओ कसा असतो हे एकदा डोळ्यांनी पाहिलेलं बरं.

सामाजिक संस्थेचं व्हिडिओ युनिट हाही चांगला ऑप्शन आहे, तिथे रोजच्या बातम्यांची धावपळ नसते, एकाच वस्तीत महिनाभर जाता येतं, फक्त बघून घ्या की ते तुमच्याकडून व्हिडिओच करून घेणारेत, पॉवरपॉइंट नाही.

जायच्या आधी हातात काहीतरी पाहिजे. रिझ्युमे कोणी वाचत नाही, खरंच सांगते, लिंक बघतात. तुमच्या मोहल्ल्यातली दीड मिनिटाची एक स्टोरी करा, मोबाईलवरच. विषय मोठा नको. टँकर किती वाजता येतो आणि लाइनीत कोण उभं असतं, कळमन्याच्या मार्केटमध्ये पहाटे लिलाव कसा होतो, इतवारीतल्या एखाद्या जुन्या दुकानाचं शटर कोण उघडतं. दीड मिनिटाचं गणित असं, मराठी व्हॉइसओव्हर मिनिटाला साधारण १२० शब्दांच्या आसपास जातो, पंधरा-पंधरा सेकंदांचे दोन बाईट टाकले तर उरतं एक मिनिट, म्हणजे तुमच्याकडे फक्त १२० शब्द आहेत. पहिल्यांदा लिहाल तेव्हा ३०० होतील. कापा. आणि संत्र्याची स्टोरी करायची असेल तर हंगाम बघून करा, मृग बहार मार्चपर्यंत आटोपतो, आंबिया ऑक्टोबरच्या आसपास यायला लागतो, मे महिन्यात संत्रा मार्केटवर स्टोरी घेऊन जाल तर एडिटर हसेल.

आता भेटायला जायची वेळ. संध्याकाळी पाच ते आठ चुकूनही नको, बुलेटिनची वेळ असते, तुमच्याकडे कोणी बघणार पण नाही, उलट वैतागतील. सकाळी अकरा-साडेअकराला जा, मीटिंग झालेली असते, पहिलं युनिट फील्डवर निघालेलं असतं, चहा आलेला असतो. त्याआधी मेसेज टाका. ज्याला टाकायचा तो इनपुट किंवा असाइनमेंट बघणारा माणूस, मालक नाही. मेसेज असा काहीतरी:

नमस्कार सर, मी बीए मासकॉम दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. २ मे ते ३१ मे रोज १० ते २ इंटर्नशिप करायची आहे, कॉलेजचं पत्र आहे. मोबाईलवर शूट आणि एडिट येतं, मराठी टायपिंग येतं, गाडी आहे. आमच्या वस्तीतल्या टँकरवर दीड मिनिटाची स्टोरी केली, लिंक खाली देते. उद्या ११ वाजता येऊन भेटू का?

बस. यात मला लहानपणापासून मीडियाची आवड आहे वगैरे काही नाही, बघा. गाडी आहे हे वाक्य मुद्दाम आहे, हिंगण्याच्या टोकाला बातमी असली की त्याचं वजन कळतं. मेट्रोने सीताबर्डी, लोकमान्य नगर, पारडीकडचा भाग होतो, पण बातमी मेट्रोच्या पिलरखालीच घडेल याची गॅरंटी नाही. आणि मराठी टायपिंगला हसू नका, युनिकोडमध्ये इनस्क्रिप्ट कीबोर्ड आला तर तुमची लायकी पहिल्याच दिवशी डबल होते, कारण टिकर आणि ॲस्टन टाइप करायला कायम माणूस कमी असतो. टिकर म्हणजे स्क्रीनच्या तळाशी सरकणारी बातम्यांची ओळ, ॲस्टन म्हणजे बाईट चालू असताना खाली येते ती नाव-हुद्द्याची पट्टी. काही ठिकाणी ग्राफिक्सच्या जुन्या मशिनवर अजून श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट असतात, तिथे युनिकोडचं कॉपी-पेस्ट केलं की गिचमिड होतं, घाबरू नका, कन्व्हर्टर असतो, विचारा.

कॉलेजच्या कागदांचं. नवीन अभ्यासक्रमात ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग) किंवा इंटर्नशिपला क्रेडिट असतात, इंटर्नशिपचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास, चार क्रेडिटचं असेल तर १२० तास, रोजचे चार तास धरले तर तीस दिवस. तुमच्या कॉलेजचा आकडा आधी विचारून घ्या. तासांची वही पहिल्या दिवसापासून ठेवा आणि सही दर शनिवारी घ्या, दर शनिवारी म्हणजे दर शनिवारी. माझं काय झालं, मी म्हटलं शेवटी एकदम घेऊ, आणि मधेच माझे गाइड असलेले एडिटर नोकरी सोडून गेले. नवीन आलेल्यांनी सांगितलं मी तुला काम करताना पाहिलं नाही तर सही कशी करू. चूक त्यांची नव्हती. माझे चाळीस तास पाण्यात.

पहिला आठवडा तुम्हाला कोणी काही देणार नाही असं धरून चाला. कोपऱ्यात खुर्ची मिळेल, कधी तीही नाही. हा आठवडा केबल, बॅटरी आणि कार्डाचा. हसण्यासारखं वाटेल पण कॅमेरामन लोक इंटर्नला याच्यावरच जोखतात. माईकची केबल कोपराभोवती दोरीसारखी गुंडाळली की आत पीळ बसतो आणि तार तुटते, एक वेटोळं सरळ आणि पुढचं उलटं अशी गुंडाळायची, कोणाकडून तरी पाच मिनिटं शिकून घ्या आणि घरी एक्स्टेंशनच्या वायरवर प्रॅक्टिस करा. चार्ज झालेल्या बॅटऱ्या एका बाजूला, संपलेल्या दुसऱ्या बाजूला, मधे मिसळल्या की संपलं. कार्ड कॉपी झाल्याशिवाय आणि एडिटरने तोंडाने हो म्हटल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही, आणि करायचं तर कॅमेऱ्यातच करायचं, कॉम्प्युटरवर नाही. हिशेब डोक्यात ठेवा, ५० एमबीपीएसला एक तासाचं शूट साडेबावीस जीबी होतं, ६४ जीबीच्या कार्डात पावणेतीन तासांच्या आसपास बसतं, मोर्चाला जाताना एक कार्ड घेऊन निघालात तर दुपारी रडाल.

पीसीआरमध्ये, म्हणजे जिथून बुलेटिन लाइव्ह चालवतात त्या कंट्रोल रूममध्ये, उभं राहायला मिळालं तर भिंतीला टेकून गप्प उभे राहा. रनडाऊनचा, म्हणजे बुलेटिनच्या क्रमाचा, कागद मागून घ्या, कुठली बातमी कितव्या नंबरला आहे आणि ऐन वेळी कोणती उडाली ते पेनाने मार्क करा. तीन-चार दिवसांत लक्षात येतं की कोणत्या बातम्या उडतात. ज्यांचा बाईट नीट ऐकू येत नाही त्या.

म्हणजे आवाज. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण नव्वद टक्के इंटर्न इथे मार खातात असं माझं मत आहे. चित्र थोडं हललं तरी लोक बघतात, आवाज फाटला की चॅनल बदलतात. नागपूरच्या घरात कूलर, शेजाऱ्याचा कूलर, मिक्सर, देवघरातली आरतीची मशीन, खालून जाणारी ऑटो. कूलर बंद करा म्हटलं की लोक पंखा फुल्ल करतात, तोही बंद करायला सांगा, कागद फडफडतात. त्या आधी एक काम करा, सगळं चालू असतानाच काकांशी गप्पा मारून घ्या, काय विचारणार ते सांगा, माईक लावून टाका, फ्रेम लावा, मग शेवटी कूलर बंद. पाच मिनिटं रेकॉर्ड, मग परत चालू, पाणी प्यायचं, गरज असली तर दुसरा राउंड. शेवटी अर्धा मिनिट कोणीही न बोलता खोलीचा आवाज रेकॉर्ड करा, एडिटमध्ये दोन तुकड्यांच्या मधली फट भरायला तो लागतो. पुढच्या वेळी काका दार उघडतील.

लॅपल, म्हणजे कपड्याला लावायचा छोटा माईक, कॉटनच्या कपड्यावर, बटणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या नंबरला. मंगळसूत्र, आयकार्ड आणि नायलॉनची साडी यांच्याशी माईकचं वैर आहे. आवाजाची लेव्हल मायनस बारा डीबीच्या आसपास नाचली पाहिजे, शून्याला टेकली की फाटली, आणि फाटलेला आवाज कोणतंही सॉफ्टवेअर नीट शिवत नाही. स्वस्तातले वायरलेस माईक वायफायच्याच फ्रिक्वेन्सीवर चालतात, त्यामुळे गर्दीत, जिथे हजार फोन खिशात आहेत, तिथे मधेच तुटतात, म्हणून एक वायरवाला माईक बॅगेत कायम. आणि हेडफोन लावा. लाज वाटते म्हणून कोणी लावत नाही.

चित्राबद्दल थोडक्यात. मोबाईल बहुतेक ३० फ्रेमवर असतो, चॅनल २५ वर चालतं, आणि आपली लाइट ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट-एलईडीखाली पट्टे मारतात. २५ फ्रेम आणि शटर सेकंदाचा पन्नासावा भाग ठेवा. फोनच्या साध्या कॅमेऱ्यात ते होत नसेल तर ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा ॲप फुकट आहे. मोबाईल आडवा. रील पाहिजे असेल तर उभा वेगळा शॉट घ्या, आडव्यातून कापून काढलेल्या रीलमध्ये माणसाचा अर्धा कान येतो. फोन कंपन्याच सांगतात की ३५ डिग्रीपर्यंत वापरा, आणि आपल्याकडे नवतपा लागला की पारा ४५ ला टेकतो, फोन तापून बंद पडतोच. कव्हर काढा, ब्राइटनेस कमी करा, एअरप्लेन मोडवर टाका म्हणजे बाईटच्या मधे मम्मीचा फोनही येत नाही, आणि शॉट नसेल तेव्हा सावलीत. तापलेला फोन एसीच्या झोताखाली किंवा फ्रिजमध्ये घालणारे लोक मी पाहिलेत, आत ओल धरते, करू नका. एकूणच मे महिन्यात बाहेरचं शूट सात ते नऊ, नाहीतर संध्याकाळी. दुपारी बाराला माणसाच्या डोळ्यांखाली काळे खड्डे येतात आणि तुम्हाला ऊन लागतं ते वेगळंच.

आता नावं. लोकल चॅनलमध्ये आणि मोठ्या चॅनलमध्ये हा मोठा फरक आहे की ज्याचा बाईट तुम्ही घेतला तो माणूस संध्याकाळी सातला घरच्यांना घेऊन टीव्हीसमोर बसलेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी तो तुम्हाला भाजीबाजारात भेटतो. मी एकदा एका काकूंच्या आडनावाला एक मात्रा जास्त दिली. आपल्याकडे वानखडे वेगळे, वानखेडे वेगळे, हे मला नागपूरची असून सुचलं नाही असं नाही, मी घाईत होते. काकूंनी चॅनलला फोन केला नाही. चार दिवसांनी बुधवार बाजारात दिसल्या, मेथी निवडता निवडता म्हणाल्या, माझ्या सासऱ्यांचं नाव बदललं बाई तू. मला आजही मेथी घेताना ते आठवतं. तेव्हापासून प्रत्येक बाईटच्या सुरुवातीला रेकॉर्डिंग चालू करून माणसाला स्वतःचं पूर्ण नाव, हुद्दा आणि वस्ती बोलायला लावते, आणि वही पुढे करून त्यांच्याच हाताने लिहून घेते. वीस सेकंद जातात.

भाषेचं पण असंच. नागपूरचा माणूस घरात मराठी, टपरीवर हिंदी, आणि समोर कॅमेरा आला की तिसरीच काहीतरी सरकारी भाषा बोलतो, सदर ठिकाणी पाणीपुरवठा अनियमित असून. त्याला थांबवा आणि कॅमेरा बाजूला न्या, विचारा, काका पाणी किती वाजता येते? काही येत नाही ना बाप्पा, तीन दिवस झाले मी बकेट घेऊन फिरून राहिलो. हाच बाईट. मग कॅमेरा परत लावून तेच विचारा. सबटायटल टाकताना त्यांचं मले-तुले आणि फिरून राहिलो याचं मला-तुला आणि फिरतोय करू नका. काही एडिटर करायला सांगतात, त्यांना मान देऊन एकदा विचारून बघा की काहून. ऐकलं नाही तर त्यांचं चॅनल आहे, सोडून द्या, तुमच्या स्वतःच्या कामात ठेवा.

एडिटवर बसाल तेव्हा प्रीमियरमध्ये मराठी टायटल टाइप केलं आणि जोडाक्षरं तुटली, वेलांटी भलतीकडे गेली तर मशीन खराब नाही. प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सला जा, टेक्स्ट इंजिन साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न करा, झालं. या एका सेटिंगवर मी एका ऑफिसात आठवडाभर हिरो होते. घरी शिकायला दाविंची रिझॉल्व्ह फुकटात मिळतं आणि त्या फुकटच्यात इंटर्नच्या कामाचं सगळं आहे. लाइव्हसाठी ओबीएस नावाचं सॉफ्टवेअर, तेही फुकट. पायरेटेड सॉफ्टवेअरमधून व्हायरस आणून चॅनलच्या मशिनमध्ये पेनड्राइव्ह खोचणारा इंटर्न फार दिवस टिकत नाही.

गाण्यांचं सांभाळा. विसर्जनाच्या शूटमध्ये मागे डीजे वाजतोच, केबलवर कोणी बोलत नाही पण यूट्यूबला टाकलं की कॉपीराइट क्लेम येतो. क्लेम म्हणजे बहुतेक वेळा जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाला जातात, स्ट्राइक वेगळी, ९० दिवसांत तीन झाल्या तर चॅनल बंद होऊ शकतं. तुम्ही इंटर्न आहात, तुमच्या हाताने कोणाचं चॅनल जाऊ देऊ नका, डीजेचे शॉट म्यूट करून ढोल-ताशाचा आवाज वेगळा रेकॉर्ड करून टाका.

कायद्याचं कोणी सांगत नाही, म्हणून हे नीट वाचा. लैंगिक अत्याचाराच्या केसमधल्या पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे, आधी आयपीसीत होतं, आता भारतीय न्याय संहितेत कलम ७२. लहान मूल असेल तर पॉक्सोचं कलम २३ आहे. ओळख म्हणजे नुसतं नाव नाही, घराचा दरवाजा, शाळेचा युनिफॉर्म, वडिलांच्या गाडीचा नंबर, आईचा चेहरा, वस्तीचं नाव आणि वय एकत्र, सगळं आलं. चेहरा ब्लर केला आणि मागे घरावरची पाटी तशीच, हे मी ऑन एअर जाताजाता पकडलंय. असं काही दिसलं तर इंटर्न असलात तरी ओरडा. ड्रोन आणतो म्हणणारा एखादा मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, त्याला सांगा की २०२१ च्या ड्रोन नियमांत विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरपर्यंत यलो झोनची, म्हणजे परवानगी लागणाऱ्या हवाई हद्दीची, भानगड आहे, आणि आपलं सोनेगाव शहराला चिकटून आहे. राहू दे तो घरी.

पैशांचं. बहुतेक लोकल ठिकाणी स्टायपेंड नसतो. पेट्रोलचे मागा, लाजू नका, पहिल्याच भेटीत विचारा, नाही म्हणाले तर निदान माहीत तरी झालं. पण कोणी उलट तुमच्याकडून ट्रेनिंग फी मागितली, किंवा प्रेस कार्ड देतो म्हणून काही शे रुपये मागितले, तर चपला घालायच्या आणि निघायचं. इंटर्नला प्रेस कार्ड लागत नाही, चॅनलचं साधं पत्र पुरतं. गाडीवर प्रेस लिहू नका, ट्रॅफिकच्या मामा लोकांना सगळं माहीत असतं. पत्रकार परिषदेत, धंतोलीच्या टिळक पत्रकार भवनात असो की हॉटेलात, प्रेसनोटसोबत पाकीट आलं तर प्रेसनोट घ्यायची, नाश्ता खायचा, पाकीट परत. एकदा घेतलं की पुढच्या वेळी बाईट कोणाचा आणि किती सेकंद ते पाकीट देणारा ठरवतो.

कधी करायची हेही महत्त्वाचं आहे. मे-जूनमध्ये सगळे येतात, शिकायला वेळ मिळतो पण बातम्या कमी आणि ऊन जास्त. माझ्या मते खरी मजा पोळ्यापासून सुरू होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला मारबत, म्हणजे रोगराई घेऊन जाणारा मोठा पुतळा, मिरवणुकीने निघते, काळी १८८१ पासूनची आणि पिवळी १८८५ पासूनची असं सांगतात, सोबत बडगे नावाचे टीकेचे पुतळे, आणि इतवारी-महालच्या त्या गल्ल्यांमध्ये पाय ठेवायला जागा नसते. तिथे खालून शूट केलं तर फक्त डोकी येतात. आदल्या दिवशी जाऊन कोणाची तरी गच्ची मागून ठेवा, त्यांच्याकडे चहा प्या, लोक आनंदाने देतात, फक्त त्यांचा नातू पण फ्रेममध्ये घ्यावा लागतो. घेऊन जा गे मारबत हा गजर जवळून, वायरच्या माईकवर घ्या. त्यानंतर गणपती, मग दसऱ्याला दीक्षाभूमी. १९५६ च्या धम्मदीक्षेपासूनची ती परंपरा, लाखो लोक बाहेरगावाहून येतात, मोबाईल नेटवर्क बसतं, लाइव्ह करायचा हट्ट नको, रेकॉर्ड करा आणि बाहेर येऊन पाठवा. रात्रभर प्रवास करून आलेल्या, मुलाला मांडीवर घेऊन झोपलेल्या बाईच्या तोंडासमोर बूम घालू नका, आधी जय भीम म्हणा, बसा, विचारा.

आणि डिसेंबर. नागपूर करारामुळे हिवाळी अधिवेशन इथे येतं, यशवंत स्टेडियम, मॉरिस कॉलेज टी पॉइंट, झिरो माइल, रोज मोर्चे. विधानभवनात इंटर्नला पास मिळेल या आशेवर राहू नका, पण मोर्च्यांवर माणसं कमीच पडतात. फक्त अधिवेशन सुरू झाल्यावर नवीन म्हणून जॉइन होऊ नका, कोणाला शिकवायला श्वास नसतो. नोव्हेंबरपासून जा, केबल-बॅटरीचा आठवडा तेव्हा उरकून घ्या. मोर्च्यात प्रश्न एकच, कुठून आले आणि काय मागणी आहे, आणि उत्तर ऐकत असताना मागे पोलीस बॅरिकेड कुठे आहे ते बघत राहा, निघायचा रस्ता कायम तुमच्या पाठीमागे मोकळा पाहिजे.

पोरींसाठी वेगळं. विसर्जनाच्या किंवा देवीच्या रात्री कव्हरेज दोन-अडीचला संपतं. घरी कोण सोडणार हे संध्याकाळी सहाला ठरलं पाहिजे, रात्री दोनला नाही. मी सरळ विचारायचे, दादा ड्रॉप कोणाची गाडी. पहिल्यांदा लोक बघतात, दुसऱ्यांदा स्वतःच सांगतात. गर्दीत युनिटपासून लांब गेलात तर भेटायची जागा आधी ठरवा, फोन लागत नाही.

शेवटच्या आठवड्यात तीन कामं राहतात. तुम्ही केलेल्या स्टोऱ्यांची कॉपी मागून घ्या, कारण चॅनलचं सर्व्हर भरलं की जुनं उडवतात, आणि शोरीलमध्ये, म्हणजे स्वतःच्या कामाच्या नमुन्याच्या व्हिडिओत, वापरू का हे विचारून मेसेजवर हो घेऊन ठेवा, फुटेज त्यांचं आहे. ज्यांचे बाईट घेतले त्यांना लिंक पाठवा, हे कोणी करत नाही, आणि पुढच्या स्टोरीचा फोन तिथूनच येतो, मला आजही येतात. तिसरं सर्टिफिकेट. ते ऑफिसच्या दारातच उघडून वाचा, तारखा, तास, शिक्का, आणि नाव. माझ्या सर्टिफिकेटवर माझ्याच आडनावाची वेलांटी चुकली होती, नवीन मिळायला अकरा दिवस लागले आणि तोवर कॉलेजची तारीख उलटून गेली होती.